नव्या सायकलीचा पहिला ओरखडा

घरात नवी सायकल आली म्हणजे काय होते, ते तुम्ही पाहिले आहे. आजी हळदकुंकू लावते. चाकाखाली लिंबू ठेवतात. पोरे घंटी वाजवून वाजवून कान किटवतात. आठ दिवस सायकल ओसरीवर उभी असते आणि येणारा-जाणारा तिच्यावरून हात फिरवतो. मग एक दिवस कोणीतरी ती घाईने भिंतीला टेकवतो. कर्र असा आवाज होतो. चकचकीत नळीवर बोटभर पांढरी रेघ उमटते. आणि घरात सुतक पडल्यासारखे होते.

हसू नका. आमच्याही घरी हे झाले आहे. ते पुढे सांगू.

आज आपण या रेघेविषयी वाचणार आहोत. सायकलीचा ओरखडा ही लहान गोष्ट आहे. पण लहान गोष्टीवरून मोठे नुकसान होते, ते कसे ते पाहा.

आमचे गाव पांझरेच्या काठी आहे. नोकरीची बरीच वर्षे आम्ही यावल-रावेरकडे काढली आणि शेवटी धुळ्याकडे परत आलो. आता रात्री गावातल्या प्रौढांचा वर्ग घेतो. वर्गाला एक आजीबाई येतात. वय साठीच्या पुढे. अक्षर मोठे आणि वाटोळे काढतात. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आधी, एका रात्री त्या पाटी मिटून आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या,

"गुरुजी, पोर पायी पायी जास. सायकल घरमा झाकी ठेयेल शे."

म्हणजे नात शाळेला पायी जाते आणि सायकल घरात झाकून ठेवली आहे. आम्हांला नवल वाटले. ही सायकल आम्हांला ठाऊक होती. राज्य सरकारचा मानव विकास कार्यक्रम 2011 पासून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत राबवला जाऊ लागला. त्यातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळू लागल्या. आजीबाईंची नात अशीच एक. त्या वेळी ती नववीला होती. शाळा चार किलोमीटरवर. सायकल आली म्हणून घरी पेढे वाटले होते.

"झाकून का ठेवली?" आम्ही विचारले.

चौथ्याच दिवशी सायकलीला ओरखडा पडला होता. शाळेच्या कुंपणाच्या तारेला ती घासली. बापाने पाहिले आणि तो चिडला. "नव्या वस्तूची ही दशा? आता दिवाळीपर्यंत सायकल बाहेर काढायची नाही," असे त्याने ठरवून टाकले. मुलीने रड रड रडून घेतले आणि पायी जाऊ लागली. पायी गेले की पोहोचायला उशीर होतो. पहिला तास गणिताचा. तो रोज निम्मा बुडू लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाप आमचाच जुना विद्यार्थी. आम्हांला पाहून उठला.

"या गुरुजी, बसा. चहा टाकतो."

"चहा मग घेऊ. आधी सायकल दाखव."

त्याने खोलीतून सायकल आणली. तिच्यावर गोधडी, गोधडीखाली दुकानातले प्लास्टिक. प्लास्टिक तसेच नळ्यांना गुंडाळलेले. ते काढून आम्ही रेघ पाहिली. चार बोटे लांब असेल. आम्ही मुलीला बोलावले आणि म्हटले, "पोरी, तुझे नख या रेघेवरून आडवे फिरव बरे."

ही नखाची परीक्षा तुम्हीही शिकून घ्या. हिला पैसा लागत नाही.

नख रेघेवरून सरळ घसरले, अडकले नाही, तर ओरखडा वरच्या वर आहे. रंगावर जो तकतकीत थर असतो, तेवढ्यालाच तो लागला आहे. नख किंचित अडकले, पण रेघेच्या तळाशी रंगच दिसतो किंवा खालचा राखी, लालसर थर दिसतो, तर रंगाला जखम झाली आहे, पण लोखंड अजून झाकलेले आहे. आणि तळाशी पांढरी धातूची चमक दिसली, किंवा तांबूस डाग दिसला, तर लोखंड उघडे पडले आहे. हा तिसरा ओरखडा मात्र थांबत नाही. त्याचे आजच पाहिले पाहिजे.

असे का, ते समजून घेऊ. भिंतीला आपण आधी गिलावा करतो आणि मग रंग देतो. सायकलीचेही तसेच आहे. नळी लोखंडाची, म्हणजे पोलादाची. तिच्यावर आधी प्रायमर नावाचा थर देतात. तो गिलाव्यासारखा. त्यावर रंग. त्यावर पुष्कळदा काचेसारखा पारदर्शक थर. नक्षी आणि नाव त्याच्या खाली असते किंवा वर चिकटवलेले असते. कारखान्यात हा रंग भट्टीत तापवून पक्का करतात. म्हणून तो टणक असतो. आपण घरी ब्रशने दिलेला रंग इतका टणक कधीच होत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता उघडे लोखंड. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की ते गंजते. गव्हावर तांबेरा कसा पडतो, तुम्हांला ठाऊक आहे. आज एका पानावर चार ठिपके, आठ दिवसांनी वाफाच तांबडा. गंज हा रोग नव्हे, त्यात जीव नाही, पण पसरण्याची रीत तशीच. लोखंडाचा गंज झाला की तो फुगतो. मूळ लोखंडापेक्षा गंज जास्त जागा मागतो. मग तो बाजूचा चांगला रंग उचलून काढतो आणि त्याखाली शिरतो. शिवाय गंज पोकळ असतो. तो पाणी धरून ठेवतो. वरून एक ठिपका दिसतो, पण रंग खरवडून पाहिले तर खाली रुपयाएवढी जागा खाल्लेली असते.

आपल्या खानदेशात पाऊस कोकणासारखा नाही. समुद्राची खारी हवाही इथे नाही. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीकडच्या सायकलीपेक्षा आपली सायकल सुखी आहे. पण आपल्याकडे दुसरे शत्रू आहेत. एक आपली काळी माती. पावसात ती चाकाला लागते, मडगार्डात भरते आणि तिथेच बसते. वरून वाळलेली दिसली तरी आतून दिवसेंदिवस ओली असते. दुसरा शत्रू खत. यावल-रावेरकडे केळीला पोटॅश घालतात. बाजारातले नेहमीचे पोटॅश म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. गोणी कॅरिअरवर टाकली, गोणीला भोक असले, चार दाणे सांडले आणि रात्री दव पडले, म्हणजे सकाळी त्या जागी खारे पाणी झालेच. कॅरिअर आधी का गंजते, याचे उत्तर पुष्कळदा या गोणीत असते. दूध वाहणाऱ्यांचेही तेच. सांडलेले दूध आंबते आणि लोखंडाला लागते. गोठ्यात सायकल बांधणारे, म्हणजे ठेवणारे, शेतकरी आहेतच. जनावराच्या मुतात क्षार असतात. गोठा बैलासाठी आहे, सायकलीसाठी नाही.

असो. मुलीच्या सायकलीकडे वळू. तिचे नख बहुतेक रेघेवरून घसरले. मध्ये एका जागी मात्र, तीळभर, अडकले. तिथे लोखंड दिसत होते, आणि त्यावर तांबूस छटा आलेली होती. इतक्या थोड्या दिवसांत! कारण वर प्लास्टिक होते.

बाप म्हणाला, "गुरुजी, रंग जपावा म्हणून तर प्लास्टिक ठेवलं."

आम्ही त्याला आमची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

आम्ही नोकरीला लागलो, तेव्हा जवळजवळ एक अख्खा पगार घालून धुळ्याहून सायकल घेतली. काळी, अंगावर सोनेरी रेघा. मोटारीच्या टपावर टाकून गावी आणली. दोरी आम्हीच बांधली आणि ती आम्हांलाच धड बांधता आली नाही. सायकल टपावर सरकली आणि दांड्याला ओरखडा पडला. आम्हांला इतके वाईट वाटले की उरलेला रंग तरी वाचावा म्हणून सगळ्या नळ्यांना प्लास्टिकची पट्टी करकचून गुंडाळली. पावसाळा तसाच गेला. दसऱ्याला सायकल धुवायला काढली आणि पट्टी सोडली, तर आतून पाणी गळाले. दांड्यावर फोड आले होते. बोटाने दाबले की रंग पापडासारखा निघे. पट्टीत पाणी शिरले होते, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि उन्हालाही आत वाट नव्हती. एका ओरखड्याच्या भीतीने आम्ही सगळा दांडा घालवला.

तेव्हा दुकानातले प्लास्टिक घरी आल्याबरोबर काढून टाका. ते प्रवासापुरते असते. दसऱ्याला हँडलला झेंडूचा हार घालतो, तोही दुसऱ्या दिवशी काढा. पुष्कळ जण तो तारेने बांधतात आणि दिवाळीपर्यंत ठेवतात. ओली फुले आणि तार दोन्ही मुलाम्याला लागतात.

मग आम्ही कामाला बसलो. काय काय लागले ते सांगतो. बादलीभर पाणी, थोडा अंगाचा साबण, दोन मऊ फडकी, बारीक काचकागदाचा बोटभर तुकडा, आगपेटीची काडी आणि रंग. काचकागदाला दुकानात पॉलिश पेपर म्हणतात. तो 400 नंबरचा मागा. नंबर मागे छापलेला असतो. तो आता तुम्हांला वाचता येतो, तेव्हा वाचूनच घ्या. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. दुकानदाराने 80 नंबरचा दिला तर तो दरवाजाला चालेल, सायकलीला नाही.

पहिले काम धुण्याचे. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. धुळीत बारीक खडे असतात. फडके फिरवले की तेच खडे रंगावर शेकडो बारीक रेघा ओढतात. नवी सायकल सहा महिन्यांत मंद दिसू लागते, ती पुष्कळदा अशा रोजच्या पुसण्यामुळे. आधी पाणी ओता, धूळ वाहू द्या, मग साबणाच्या पाण्याने मऊ फडके फिरवा. धुण्याचा सोडा नको. मडगार्डातला चिखल खुरप्याने खरवडू नका. पाणी टाकून तो भिजू द्या आणि बांबूच्या किंवा निंबाच्या काडीने काढा.

जिथे नख अडकले नव्हते, त्या रेघेवर आम्ही दात घासायची पांढरी पेस्ट लावली. ओल्या फडक्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट घेतली आणि मुलीला हलक्या हाताने गोल गोल चोळायला सांगितले. पेस्टमध्ये अगदी बारीक पूड असते. ती रेघेच्या कडा गुळगुळीत करते. पाच मिनिटांत रेघ निम्मी दिसेनाशी झाली. मुलीला जादू वाटली. ती जोराने चोळू लागली, तेव्हा आम्ही तिचा हात धरला. चोळून चोळून रंगच उडाला, असेही करून ठेवणारे आहेत. आणखी एक. हल्ली काही सायकलींचा रंग चमकत नाही, पाटीसारखा मंद असतो. तिथे पेस्ट चोळू नका. चोळलेला भाग चमकू लागतो आणि रेघेपेक्षा तोच डोळ्यांत भरतो.

मग तो तीळभर डाग. काचकागद पाण्यात भिजवला, काडीच्या टोकाला गुंडाळला आणि फक्त तांबूस जागेवर घासला. पांढरे स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासायचे. गंज थोडा राहिला आणि वर रंग लावला, तर गंज झाकला जातो, जात नाही. मग जागा पुसून पूर्ण कोरडी केली. इथे एक चूक बहुतेक लोक करतात. ते रॉकेलने जागा पुसतात आणि लगेच रंग लावतात. रॉकेल तेलकट असते. तेलावर रंग धरत नाही. रॉकेल लावलेच, तर नंतर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि मगच रंग द्या. आम्ही पूर्वी ही चूक दोनदा केली आहे.

रंगासाठी लाल प्रायमरची आणि ऑइल पेंटची लहानात लहान डबी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आधी काडीने प्रायमरचा टिपका द्यायचा. तो वाळला की रंगाचा पातळ टिपका. रात्रभर वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. एकदम जाड थेंब टाकला तर वरून साय धरते आणि आत ओला राहतो. पण एवढ्याशा ठिपक्यासाठी दोन डब्या आणायच्या, हे त्या घराला परवडण्याजोगे नव्हते. आम्ही मुलीला विचारले, "घरात नखांना लावायचा रंग आहे का?"

ती लाजली. आजीबाई हसल्या. बाप छपराकडे पाहू लागला. शेवटी ट्रंकेतून एक बाटली निघाली. आत लाल रंग, सायकल जांभळी. आम्ही म्हटले, चालेल. नखांचा रंग पक्क्या रंगाइतका टिकत नाही, पण तो लवकर वाळतो, बाटलीतच ब्रश असतो, आणि लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. तिळाएवढ्या जागेला तो पुरतो. नखाएवढी जागा असली तर मात्र प्रायमर आणि पेंटच हवा.

"पण गुरुजी, ठिपका लाल दिसेल ना," मुलगी म्हणाली.

"दिसू दे. तुझी सायकल शाळेत शंभर सायकलींत ओळखू येईल."

हे काम कधी करावे, यालाही महत्त्व आहे. वैशाखात आपल्याकडे पारा 44–45 अंशांवर जातो. जळगाव-भुसावळची दुपार तुम्ही सोसलेली आहे. त्या उन्हात नळीला हात लावता येत नाही. तापलेल्या लोखंडावर रंग लावला की त्याला फोड येतात. दुपारी वावटळ उठते आणि ओल्या रंगावर धूळ बसते. भर पावसाळ्यात हवा दमट, रंग वाळता वाळत नाही. म्हणून सकाळी, सावलीत, वारा सुटण्याच्या आधी करावे. ऊन रंगाला एरवीही वाईटच. रोज उघड्यावर उभी राहणारी सायकल दोन-तीन उन्हाळ्यांत विटते. झाडाची सावली असेल तर तिथे ठेवा, पण वर पाखरांची शाळा भरत नाही ना, ते पाहा. पाखराची शीट पडली तर ओल्या फडक्याने लगेच काढा. केळीचा चीकही तसाच ताजा असताना पुसा. वाळला की डाग धरतो.

आता चमकणाऱ्या भागांचे थोडे. हँडल, घंटी, रिम यांवर रंग नसतो, मुलामा असतो. आधी निकेलचा आणि वर क्रोमियमचा. क्रोमियमचा थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. त्यांतून पाणी शिरते आणि बारीक तांबडे ठिपके येतात. त्यावर काचकागद कधीही चालवू नका. मुलामाच निघून जाईल. पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची चंदेरी पन्नी घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलके घासा. ही पन्नी क्रोमियमपेक्षा मऊ असते. ठिपका निघतो, मुलाम्याला ओरखडा पडत नाही. नंतर कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. गोडे तेल नको, ते चिकट होते आणि धूळ धरते. आणि रिमला तेल लावू नका. ब्रेकचे रबर रिमलाच घासून सायकल थांबते. तेल लागले की ब्रेक धरत नाही. सायकल चकचकीत राहील आणि तुम्ही बैलगाडीवर जाऊन आदळाल.

यापुढचे नीट वाचा. आतापर्यंत आपण जे पाहिले, त्याने सायकल कुरूप होते, फार तर गंजते. पण काही रेघा ओरखड्यासारख्या दिसतात आणि ओरखडे नसतात.

सायकलीच्या नळ्या जिथे एकमेकींना मिळतात, त्या जागा पाहा. हँडलच्या खाली, सीटच्या खाली, पायडलच्या आसाजवळ. आणि पुढचे चाक धरणारा चिमटा, ज्याला दुकानदार फोर्क म्हणतो, त्याचा वरचा भाग. या जागी जोडालगत केसासारखी बारीक, वळत जाणारी रेघ दिसली, तर नखाची परीक्षा करत बसू नका. ती जागा स्वच्छ पुसा. चार दिवसांनी पुन्हा पाहा. त्याच जागी पुन्हा तांबूस रेघ पाझरली, तर आत लोखंडाला तडा आहे. तशीच दुसरी खूण. सायकल समोरून कशाला तरी आदळली आणि हँडलच्या मागच्या खालच्या नळीवर रंगाला सुरकुती पडली, तर रंगाला सुरकुती आलेली नाही. नळी वाकली आहे, रंग फक्त चुगली करतो आहे. अशा सायकलीवर बसू नका. ती हाताने ढकलत मिस्त्रीकडे न्या.

आमच्या ओळखीचा एक दूधवाला होता. त्याच्या सायकलीच्या चिमट्यावर अशी रेघ आली. त्याने तिच्यावर देवाचे चित्र चिकटवले. रेघ दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंना कॅन लावून तो रोज पहाटे उताराने गावात येई. एके दिवशी उतारावर चिमटा तुटला. पुढचे समोरचे दात गेले, खांद्याचे हाड मोडले आणि तीन महिने दुसऱ्याने दूध घातले. तेव्हापासून आम्ही कोणाच्या सायकलीवर नवे चित्र दिसले की विचारतो, खाली काय आहे?

याच कारणाने ओरखड्यासाठी सगळी सायकल रंगवून घेऊ नये, असे आमचे मत आहे. भट्टीतला पक्का रंग खरवडायचा आणि त्याजागी हाताचा कच्चा रंग द्यायचा, हा तोट्याचा सौदा. वर जोडांवर रंगाचा जाड थर बसला की तडा असला तरी दिसत नाही. जुनी सायकल विकत घेताना ती नव्याने रंगवलेली असली, तर दोनदा पाहा.

जुन्यावरून आठवले. एके काळी आपल्या भागात काळ्याच सायकली दिसत. हर्क्युलिस बनवणारी कंपनी 1949 साली मद्रासेत निघाली, अॅटलस 1951 साली सोनपतला, हीरो सायकल 1956 साली लुधियान्याला. यांपैकी अॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना 2020 साली 3 जूनला बंद पडला. नेमका तो जागतिक सायकल दिन होता. कारखाना गेला, पण त्या सायकली आमच्या आठवडे बाजारात अजून येतात. रंग कुठे आहे, कुठे नाही. मालकाने नळ्यांना तेलाचा हात दिलेला असतो आणि मागे कांद्याची गोणी असते.

ओरखडा पडूच नये म्हणून थोडे करता येते. ज्या जागी नेहमी काही घासते, तेवढीच जागा झाका. आपल्या भागात ठिबकच्या जुन्या नळ्या बांधाबांधावर पडलेल्या असतात. वीतभर तुकडा कापा, लांबीने चिरा आणि कॅरिअरच्या गजावर चढवा. दुधाचा कॅन किंवा दप्तराचा पट्टा रंगाला लागत नाही. ब्रेकची तार हँडलजवळ नळीला घासते, तिथेही बोटभर तुकडा पुरतो. हा तुकडा सैल असतो, त्यामुळे पाणी अडत नाही. महिन्यातून एकदा तो काढून खाली पुसा. आणखी एक, काही सायकलींना पायडलच्या आसाखाली बारीक भोक असते. ते आत शिरलेले पाणी जाण्यासाठी आहे. चिखलाने बुजले तर काडीने मोकळे करा.

सायकल विकत घेताना दुकानाबाहेर उजेडात आणून पाहा. ओरखडा असेल तर तिथेच दाखवा. घरी आल्यावर दाखवलेला ओरखडा तुमचा. बिल घ्या आणि वाचा. सायकलीच्या नळीवर एक नंबर ठोकलेला असतो, बहुधा सीटच्या खाली किंवा पायडलच्या आसाखाली. तो बिलावरच्या नंबराशी जुळवून पाहा. त्यावर रंगाचा थर देऊ नका, अंक बुजतात. सायकल चोरीला गेली तर पोलिसांना हाच नंबर लागतो. ओरखडा ही दुकानदाराची चूक नव्हे, पण नव्या सायकलीच्या जोडालाच तडा निघाला आणि दुकानदार ऐकत नसला, तर 1915 या नंबरावर फोन करा. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही.

त्या रविवारी सगळे आटोपल्यावर आजीबाईंनी चष्मा लावला आणि त्या जमिनीवर बसल्या. नात सायकल आडवी धरून उभी राहिली. आसाखालचा नंबर आजीबाईंनी एक एक अक्षर, एक एक अंक करून वाचला. मधले एक इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हते. ते नातीने सांगितले. बापाने बिल काढून जुळवले. नंबर बरोबर निघाला. आजीबाईंनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला.

मग चहा आला. आम्ही बापाला विचारले, "गणिताचे किती तास गेले?"

त्याने मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "अकरा."

तो काही बोलला नाही. ठिपका वाळायला रात्र द्यायची होती. सोमवारी सकाळी त्याने स्वतः सायकल ओट्यावरून खाली उतरवली, चाकात हवा भरली आणि प्लास्टिकची गुंडाळी उकिरड्यावर नेऊन टाकली.

मुलगी आता बारावीला आहे. सायकलीवर सहा ठिपके झाले आहेत. दोन लाल आहेत, बाकीचे जांभळे. मधल्या काळात बापाने धुळ्याहून जुळत्या रंगाची डबी आणून दिली. कॅरिअरवर ठिबकची नळी आहे. मागचे मडगार्ड थोडे चेपले आहे, ते मात्र तसेच राहिले.